नक्कल कोण झेलतं?

तास संपायला पाच-सात मिनिटं उरली होती. फळ्यावर मी इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे फ्लूच्या, विषाणूचं चित्र काढलं होतं. एक वर्तुळ, आत आठ आडव्या रेघा, बाहेर दोन तऱ्हेचे काटे. शेजारी एक बाण, बाणाच्या या टोकाला आरएनए आणि त्या टोकालाही आरएनए. ‘हा विषाणू स्वतःच्या आरएनएची नक्कल काढतो,’ असं सांगून मी खडू खाली ठेवला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी फारसं न बोलणारी. म्हणाली, “मॅडम, एकाच साच्यावरून त्याला प्रथिनांसाठी निरोपही काढायचा आणि पुढच्या विषाणूसाठी पूर्ण नक्कलही काढायची. यंत्र तर एकच. मग आत्ता निरोप काढायचा की नक्कल, हे त्याला कळतं कसं?”

मी म्हटलं, “गरजेप्रमाणे.”

ती खाली बसली. घंटा झाली. ही गोष्ट 1996 सालची.

घरी जाताना वाटेतच मला उमगलं होतं की मी उत्तर दिलेलं नाही, उत्तराच्या जागेवर एक शब्द ठेवून दिला आहे. रेणूला गरज कसली? त्याला भूक नाही, घाई नाही, उद्याची काळजी नाही. तो दुसऱ्या रेणूला धडकतो, चिकटतो किंवा सुटतो, एवढंच. मुलीनं विचारलं होतं ‘कसं’ आणि मी सांगितलं होतं ‘कशासाठी’. शिकवणाऱ्या माणसाच्या हातून होणारी ही सर्वात सोपी फसवणूक आहे, असं मला आजही वाटतं. पुढच्या तासाला मी त्या प्रश्नाकडे परत गेले नाही. वर्ष संपलं, ती मुलगी पुढे गेली, प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

पुढे एका वर्षी मला स्वतःला फ्लू झाला. आधी घशात खवखव, संध्याकाळी कणकण, रात्री अशी हुडहुडी की दोन पांघरुणांतही दात वाजत होते. अंगातला प्रत्येक सांधा वेगळा जाणवत होता. तापात डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत राहतं, तसं माझं त्या तिसऱ्या बाकाभोवती फिरत होतं. जो प्रश्न मी टाळला होता तो या क्षणी माझ्याच श्वासनलिकेच्या अस्तरात, हजारो पेशींत, एकही शब्द न वापरता सुटत होता. पेशीत विषाणू शिरल्यापासून साधारण सहा ते आठ तासांत नवे विषाणू बाहेर पडू लागतात. म्हणजे मी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होईपर्यंत कुठेतरी एक आख्खी पिढी तयार होत होती. मला तेव्हा भीतीपेक्षा उत्सुकताच जास्त वाटली. बरं झाल्यावर मी वाचायला लागले आणि पुढची वीसेक वर्षं या एका विषयाचं वाचन सुटलं नाही.

आत काय जातं ते आधी सांगते. इन्फ्लुएन्झा ए या विषाणूचा सगळा वारसा आरएनएच्या आठ तुकड्यांत असतो आणि सगळे तुकडे मिळून साधारण 13,500 अक्षरं, म्हणजे आरएनएचे ओळीनं जोडलेले घटक, भरतात. तुम्ही वाचता आहात तो हा लेख संपेल तेव्हा याचीही साधारण तेवढीच अक्षरं झालेली असतील. एवढ्यात त्याचा सगळा संसार बसतो. सगळ्यात लांब तुकडा 2341 अक्षरांचा, सगळ्यात आखूड 890च्या आसपास. आणि ही अक्षरं उलटी असतात. रबरी शिक्क्यावर नाव उलटं कोरलेलं असतं, शिक्का उमटल्याशिवाय ते सरळ वाचता येत नाही, तसं. पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र, म्हणजे रायबोसोम, हा उलटा आरएनए वाचू शकत नाही. आणि आरएनएवरून असा लांबलचक आरएनए उमटवणारं यंत्र आपल्या पेशीकडे या कामासाठी नसतंच. म्हणून विषाणू ते यंत्र सोबत घेऊन येतो.

या यंत्राचं नाव पॉलिमरेज. तीन प्रथिनं एकत्र येऊन ते बनतं, पीबी1, पीबी2 आणि पीए. प्रत्येक तुकड्यावर न्यूक्लिओप्रोटीन नावाच्या प्रथिनाचे मणी ओवलेले असतात, साधारण 24 अक्षरांमागे एक मणी, आणि तुकड्याची दोन्ही टोकं जवळ येऊन पॉलिमरेजच्या मुठीत बसलेली असतात. ही दोन टोकं सगळ्या आठ तुकड्यांत जवळजवळ सारखीच असतात, एका बाजूला 12 अक्षरं, दुसऱ्या बाजूला 13. मधला मजकूर कितीही बदलू दे, टोकं बदलत नाहीत. यंत्र तुकड्याला ओळखतं ते टोकांवरून. ही टोकांची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे सगळं तिच्यावर येऊन ठेपतं.

पेशीत शिरण्याचा भाग मी चटकन उरकते, कारण त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. पृष्ठभागावरच्या सायलिक आम्लाला विषाणू चिकटतो, पेशी त्याला एका पिशवीत घालून आत ओढते, पिशवीतलं आम्ल वाढतं, विषाणूचं आवरण पिशवीच्या आवरणात मिसळतं आणि आठही तुकडे बाहेर पडतात. इथवर इतरही बरेच विषाणू असंच करतात. खरी गंमत यानंतर. आरएनएचे बहुतेक विषाणू केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवातच आपलं काम उरकतात. त्यांना केंद्रकाशी, तिथल्या डीएनएशी देणंघेणं नसतं. इन्फ्लुएन्झा मात्र आपले आठही तुकडे घेऊन थेट केंद्रकात जातो.

का जातो, हे बरीच वर्षं कोडं होतं. 1962 साली एक विचित्र गोष्ट दिसली होती. अॅक्टिनोमायसिन डी नावाचं औषध डीएनएला चिकटतं आणि त्यावरून निरोप काढण्याचं काम बंद पाडतं. ज्याच्याकडे डीएनएच नाही अशा विषाणूला या औषधाचं काय? पण इन्फ्लुएन्झाची वाढ या औषधानं थांबली. पुढे अल्फा-अमानिटिन वापरून पाहिलं. हे एका जीवघेण्या भूछत्रातलं विष, ते पेशीच्या स्वतःच्या निरोप काढणाऱ्या यंत्राला जखडून टाकतं. त्यानंही इन्फ्लुएन्झा थांबला. म्हणजे हा विषाणू पेशीकडून असं काहीतरी घेत होता, जे पेशीचं वाचन चालू असतानाच मिळतं. काय घेत होता?

उत्तर अमेरिकन विषाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलं. पेशीच्या प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला एक रासायनिक टोपी असते. टोपी असेल तर रायबोसोम त्या निरोपाला आपलं मानतो, नसेल तर फारशी दाद देत नाही. काही विषाणू ही टोपी स्वतः शिवतात. इन्फ्लुएन्झाला ती शिवता येत नाही. क्रग यांच्या गटानं 1978 साली परीक्षानळीत विषाणूच्या यंत्रासोबत सशाच्या ग्लोबिनचे निरोप, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन ज्यावरून बनतं ते निरोप, टाकून पाहिले. विषाणूचे निरोप भराभर निघू लागले. आणि त्यांची सुरुवात तपासली तर तिथे टोपीसकट ग्लोबिनची अक्षरं! विषाणू पेशीचा निरोप पकडतो, टोपीपासून साधारण 10 ते 13 अक्षरांवर कापतो आणि त्या कापलेल्या डोक्याला आपलं धड जोडतो. 1981पर्यंत याचे टप्पे स्पष्ट झाले होते. या कृतीला टोपी पळवणं असंच म्हणतात.

मला हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. वाक्य आपलं, सुरुवात दुसऱ्याची. आणि पळवलेली सुरुवात दर वेळी वेगळी, कारण कापायला मिळेल तो निरोप कापला जातो. एकाच जनुकाचे शंभर निरोप घेतले तर त्यांची डोकी पेशीच्या कितीतरी वेगवेगळ्या जनुकांची निघतील. 2020मध्ये तर असंही दाखवलं गेलं की पळवलेल्या काही तुकड्यांतच ‘इथून वाचायला सुरू करा’ ही खूण असते आणि मग अर्धं पेशीचं, अर्धं विषाणूचं असं प्रथिन बनतं. पेशीचा आणि विषाणूचा मजकूर एकाच ओळीत!

ही टोपी पळवण्यासाठी विषाणू अगदी मोक्याच्या जागी उभा राहतो. पेशीचं निरोप काढणारं यंत्र डीएनएवरून पुढे सरकत असतं, त्याला एक लांब लवचिक शेपटी असते आणि त्या शेपटीजवळच नव्या निरोपाला टोपी घातली जाते. विषाणूचं पॉलिमरेज याच शेपटीला धरून राहतं, हे 2005 साली ऑक्सफर्डच्या गटानं दाखवलं. म्हणून तर केंद्रकात यायचं. ताज्या टोप्या फक्त तिथेच मिळतात. त्यातली कात्री पीबी1 या भागात आहे असं काही वर्षं मानलं जात होतं. 2009 साली ती पीएमध्ये असल्याचं ठरलं. आणि 2014मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या स्टीफन क्युसॅक यांच्या गटानं पूर्ण यंत्राची रचना अणूंच्या पातळीवर छापली, तेव्हा सगळी हालचाल डोळ्यांसमोर आली. पीबी2 टोपी धरतं, पीए कापतं, मग टोपी धरलेला भाग सुमारे 70 अंशांत वळून कापलेलं टोक पीबी1च्या आत सरकवतो आणि तिथून पुढे अक्षरं जोडली जातात. धरणारा हात, कात्री आणि लेखणी, तिघं एकमेकांना बिलगून. मी त्या चित्राची मोठी प्रत काढून भिंतीवर लावली होती. पीए लाल, पीबी1 हिरवा, पीबी2 निळा, असे रंग मीच भरले.

निरोपाच्या दुसऱ्या टोकालाही तेवढीच अजब गोष्ट घडते. पेशीच्या निरोपांना शेवटी ‘ए’ या एकाच अक्षराची लांब शेपूट असते, ती जोडणारी वेगळी यंत्रणा असते. विषाणू ती वापरत नाही. त्याचं पॉलिमरेज तुकड्याचं एक टोक मुठीत धरूनच वाचत असतं. वाचत वाचत ते त्या धरलेल्या टोकाच्या जवळ आलं की पुढे जायला जागाच उरत नाही. तिथेच, टोकापासून साधारण 16 अक्षरं अलीकडे, पाच ते सात ‘यू’ ओळीनं असतात. यंत्र त्या ‘यू’वर अडखळतं. पुन्हा पुन्हा तेच वाचतं आणि प्रत्येक ‘यू’समोर एक ‘ए’ ठेवत जातं. अडखळण्यातूनच शेपूट तयार होते. शेवटची ती अक्षरं मात्र कधीच उतरवली जात नाहीत.

आता टोकांची गोष्ट आठवा. निरोपाच्या डोक्याला परकी अक्षरं चिकटलेली आहेत आणि शेवटची अक्षरं गायब आहेत. म्हणजे ज्या दोन टोकांवरून पॉलिमरेज आपला तुकडा ओळखतं, ती दोन्ही निरोपात धड उरलेली नाहीत. निरोपात प्रथिनाचा मजकूर पूर्ण आहे, रायबोसोमला हवं ते सगळं आहे, पण त्याच्यावरून पुढची पिढी काढता येत नाही. तो बोलून संपतो. त्याला वारसा नाही.

वारसा चालवणारी नक्कल वेगळी. ती कोणाची टोपी घेत नाही, यंत्र स्वतःच पहिलं अक्षर ठेवतं आणि थेट टोकापासून टोकापर्यंत उतरवत जातं. उलट्या शिक्क्यावरून सुलटी नक्कल, मग त्या सुलट्या नकलेवरून पुन्हा उलट्या नकला. पहिल्या टप्प्यात सुरुवात टोकावरूनच होते. दुसऱ्या टप्प्यात यंत्र चौथ्या-पाचव्या अक्षरावर दोन अक्षरांचा एक छोटा तुकडा तयार करतं आणि मग तो मागे सरकवून टोकाशी जुळवतं. शिवताना सुई मागे नेऊन पहिला टाका पक्का करतात ना, तसं. असं केल्यानं टोकाचं एकही अक्षर हरवत नाही. निरोपात टोकांची पर्वा नव्हती. इथे सगळी धडपड टोकं जपण्याची आहे.

याची उलटी बाजूही आहे आणि ती मला फार शिकवून गेली. प्रेबेन व्हॉन मॅग्नस हे डेन्मार्कचे संशोधक 1940च्या दशकाच्या अखेरीपासून कोंबडीच्या अंड्यांत हा विषाणू वाढवत होते. विषाणू पातळ न करता, दाट रसच एका अंड्यातून दुसऱ्यात असा वाढवत नेला की कण भरपूर दिसत, पण त्यांची संसर्ग करण्याची ताकद घसरत जाई. पुढे समजलं की अशा कणांत मधूनच कापले गेलेले तुकडे असतात. उतरवताना यंत्र मधला मोठा मजकूर गाळून पलीकडे गेलेलं असतं. मजकूर गेला, प्रथिन बनणं शक्य नाही, पण दोन्ही टोकं शाबूत. म्हणून ते तुकडे आनंदानं पुढे उतरवले जातात, आखूड असल्यामुळे जास्त वेगानं, आणि पूर्ण तुकड्यांची जागा अडवतात. निरोपात सगळा मजकूर असून वारसा नाही, यांच्यात मजकूर नसून वारसा आहे. दोन्ही एकाच यंत्राच्या हातून.

मग आता तिसरा बाक. यंत्राला कळतं कसं, आधी निरोप काढायचे, मग नकला?

जुन्या प्रयोगांतून एक गोष्ट पक्की होती. विषाणू आत गेल्यावर पेशीचं प्रथिनं बनवणं औषधानं बंद केलं तर विषाणूचे निरोप निघत राहतात, नकला मात्र सापडत नाहीत. म्हणजे नवी प्रथिनं तयार झाली की यंत्राचा खटका बदलतो, निरोपावरून नकलेवर, असा अर्थ लावला गेला. मीही तसाच लावला असता. त्यामुळे सगळे खटका शोधत होते. कोणत्या प्रथिनानं तो दाबला जातो, यंत्राच्या कोणत्या भागात तो आहे.

2004 साली ऑक्सफर्डमधून एक वेगळं स्पष्टीकरण आलं, फ्रँक व्रीडे, जॉर्ज ब्राउनली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. त्यांनी पेशीत आधीच पॉलिमरेज आणि न्यूक्लिओप्रोटीन तयार करून ठेवलं, मग विषाणू सोडला आणि नवी प्रथिनं बनणं बंद केलं. आता नकला सापडल्या. आणि यातली कळीची गोष्ट अशी की आधी ठेवलेलं ते पॉलिमरेज मुद्दाम निकामी केलेलं होतं. त्याला स्वतःला एकही अक्षर उतरवता येत नव्हतं. मग नकला काढल्या कोणी? विषाणूनं सोबत आणलेल्या जुन्याच यंत्रानं. निकामी यंत्रानं फक्त त्या नकला धरून ठेवल्या.

खटका नव्हताच! त्यांचं म्हणणं असं होतं की आत आलेलं यंत्र सुरुवातीपासून निरोपही काढू शकतं आणि नकलाही. निरोपाला डोक्यावर टोपी आहे, मागे शेपूट आहे, म्हणून पेशीतली आरएनए कुरतडणारी एन्झाइम त्याला सहजासहजी खात नाहीत. नकलेला यातलं काहीच नाही. ती उघडीवाघडी बाहेर येते आणि आली तशी कुरतडली जाते. तिचं टोक लगेच पकडायला एक नवं पॉलिमरेज हजर असेल, अंगावर चढवायला नवे न्यूक्लिओप्रोटीनचे मणी हजर असतील, तरच ती टिकते. ही दोन्ही प्रथिनं बनतात निरोपांवरून. म्हणून आधी निरोप दिसतात आणि नंतर नकला. कोणी ठरवलं म्हणून असा क्रम लागत नाही. पुढे या क्रमाला हातभार लावणाऱ्या आणखीही गोष्टी पुढे आल्या, विषाणूचेच अगदी आखूड आरएनए, एनईपी नावाचं त्याचं एक प्रथिन. पण या एका प्रयोगानं माझा प्रश्न मुळातून हलवला. त्या मुलीनं विचारलं होतं ‘त्याला कळतं कसं’ आणि मी म्हटलं होतं ‘गरजेप्रमाणे’. ठरवणारं कोणीतरी आहे, असं आम्ही दोघींनी धरलं होतं. इथे काढणारा तोच राहतो. झेलणारा आला की नक्कल जगते.

झेलणारा कसा उभा राहतो, हे पुढे प्रत्यक्ष दिसलं. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या वेंडी बार्कले यांच्या गटानं 2016मध्ये दाखवलं की नक्कल काढायला विषाणूला पेशीचं एक प्रथिन लागतं, एएनपी32ए. 2019मध्ये माणसाच्या पेशींतून ते आणि त्याचं जवळचं भावंड एएनपी32बी अशी दोन्ही काढून टाकली, तेव्हा विषाणूचं पॉलिमरेज जवळपास हतबल झालं. 2020मध्ये ऑक्सफर्डहून चित्र आलं, इन्फ्लुएन्झा सी या भावकीतल्या विषाणूच्या यंत्राचं. त्यात दोन पॉलिमरेज एकमेकांशेजारी बसलेली आहेत, एक उतरवणारं आणि दुसरं रिकामं, हात पसरून. दोघांच्या मधल्या खाचेत पूल होऊन बसलेलं एएनपी32ए. पहिल्यातून नव्या नकलेचं टोक बाहेर येतं तिथेच दुसरं त्याला धरायला तयार. 2004 साली जे नुसतं अनुमान होतं त्याचं हे जणू छायाचित्रच. मी ते पाहिलं त्या दिवशी भिंतीवरच्या जुन्या चित्राशेजारी नवं लावलं.

याच पुलावर पक्षी आणि माणूस यांच्यातली एक सीमारेषा आहे. पक्ष्यांच्या एएनपी32एमध्ये 33 अमिनो आम्लांचा, म्हणजे प्रथिन ज्यांचं बनतं त्या घटकांचा, एक जास्तीचा तुकडा असतो, आपल्यात तो नसतो. पक्ष्यांच्या विषाणूचं यंत्र त्या लांब पुलाला सरावलेलं असतं. आपल्या पेशीत आल्यावर त्याला पूल आखूड पडतो आणि नकला नीट झेलल्या जात नाहीत. मग पीबी2च्या 627व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिक आम्लाच्या जागी लायसिन येतं, आणि यंत्र आपल्या आखूड पुलावर बसू लागतं. ही 627वी जागा महत्त्वाची आहे हे 1993पासून माहीत होतं, पण कशासाठी ते कळायला आणखी 23 वर्षं लागली. 1918च्या साथीच्या विषाणूतही त्या जागी लायसिनच होतं. पक्ष्यांत नवा विषाणू सापडल्याची बातमी आली की आजही मी आधी 627व्या जागेची चौकशी करते.

तो बदल येतो कुठून, हे वेगळं सांगायला नको. हे यंत्र उतरवलेलं पुन्हा तपासत नाही. दहा हजार ते लाख अक्षरांमागे एखादी चूक राहते आणि आख्खा मजकूर 13,500 अक्षरांचा. म्हणजे अनेक नकलांत एखादं अक्षर चुकलेलं असणारच. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात, काही त्याला आपल्या प्रतिपिंडांपासून लपवतात, म्हणून लस वारंवार बदलावी लागते. आठ तुकडे सुटे असल्यामुळे आणखी एक वाट उघडी राहते. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले तर तुकड्यांची 256 प्रकारे सरमिसळ होऊ शकते. 1957च्या साथीच्या विषाणूत पक्ष्यांकडून आलेले तीन तुकडे होते, 1968च्या विषाणूत दोन. दोन्ही वेळा बाहेरचे काटे बदलले होते, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण दोन्ही वेळा त्यांच्यासोबत पीबी1चा, म्हणजे लेखणीचाही तुकडा पक्ष्यांकडून आला होता.

या सगळ्या समजुतीतून एक औषधही निघालं. बॅलोक्साव्हिर. पीएमधल्या कात्रीच्या पात्यांमध्येच ते जाऊन बसतं. टोपी कापता येत नाही, निरोप निघत नाहीत. 2018 साली जपाननं आणि मग अमेरिकेनं त्याला मान्यता दिली, आणि साधारणपणे एकच मात्रा पुरते. विषाणू त्यालाही वळसा घालतो, पीएच्या 38व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बदलून. तरीही 1962 साली ‘डीएनए नसलेल्या विषाणूला हे औषध का लागू पडावं’ असं कोडं कोणाला तरी पडलं होतं आणि त्याची वाट छप्पन्न वर्षांनी कोणाच्या तरी उशाशी ठेवलेल्या गोळीपर्यंत आली. याचा मला मनापासून आनंद होतो.

गेल्या वर्षी त्या मुलीचा फोन आला. मुलगी म्हणायचं आपलं, आता ती पन्नाशीजवळ आली आहे. जुन्या वर्गमित्रांकडून माझा नंबर मिळाला म्हणाली. तिचं काम हिशेबाचं आहे, जीवशास्त्र तिनं कधीच सोडलं. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर मी म्हटलं, “तुझं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय.” आणि तिला तो तास सांगितला, फळा, आठ रेघा, तिचा प्रश्न.

“मी असं विचारलं होतं?” ती म्हणाली. “मला काहीच आठवत नाही, मॅडम.”

क्षणभर मला काय बोलावं कळेना. मग म्हटलं, आठवत नसू दे, उत्तर ऐक. टोपी, शेपूट, निकामी केलेलं यंत्र, नक्कल झेलणारं दुसरं पॉलिमरेज, सगळं सांगत गेले. ती मध्ये बोलली नाही. माझं संपल्यावरही थोडा वेळ पलीकडून काही आवाज आला नाही, मला वाटलं फोन तुटला.

“मॅडम,” ती म्हणाली, “पण नक्कल टिकायला दुसरं यंत्र लागतं. ते दुसरं यंत्र बनवायचा मजकूर त्या आठ तुकड्यांतच. मग सगळ्यात पहिला झेलणारा कुठून आला?”

“कागद आहे जवळ?” मी विचारलं.

“आहे.”

“आठ आडव्या रेघा काढ. आणि वरच्या तीन रेघांच्या डोक्यावर एकेक टोपी.”